आयत्या वेळचा विषय

माझ्या सासरच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. गाव नायगाव तालुक्यातलं, शाळा सातवीपर्यंतची. समितीत बहुतेक पालकच असतात. निम्म्या बायका असाव्या लागतात आणि सगळ्या समाजांतले लोक घ्यावे लागतात. मुख्याध्यापकांनी पालकसभेत हा नियम वाचून दाखवला तेव्हा व्हरांड्यात बसलेल्या बायका एकमेकींकडं बघून हसल्या. कुणी पुढं होईना. मग माझ्या लेकीचे गुरुजी मला म्हणाले, "ताई, तुम्ही बारावी झालेल्या हाव. वाचता-लिहिता येतं, बोलता येतं. तुम्हीच व्हा." मी मान हलवली. मागून सासूबाईंनी माझा पदर ओढला, पण तोवर वहीत नाव चढलं होतं.

शाळेच्या समोरच्या भिंतीवर समितीची नावं ऑइलपेंटनं लिहितात. आमच्या बौद्धवाड्यातलं कुणी ना कुणी त्या यादीत खाली कुठंतरी असायचं. सगळ्यांत वरचं नाव आमच्याकडचं, ते पहिल्यांदाच. माझं माहेर देगलूरकडचं. वडील तिथून दोन एसटी बदलून नुसतं ते बघायला आले. त्यांनी आयुष्यभर बांधकामावर मजुरी करून आम्हा तिघा भावंडांना शिकवलेलं. भिंतीसमोर उभे राहिले, चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "आडनावातला उकार बरोबर काढलाय." चहा पिऊन दुपारच्या गाडीनं परत गेले.

अध्यक्षाचं काम म्हणजे काय, ते मला कुणी सांगितलं नाही. महिन्याला एक बैठक असायची. दुपारची खिचडी चाखून वहीत 'चव चांगली' असं लिहायचं. पंधरा ऑगस्टला खुर्चीवर बसायचं. पण मला एक गोष्ट दिसली होती. मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची. मी तो विषय पहिल्या बैठकीत काढला, दुसऱ्या बैठकीत काढला. तिसऱ्या बैठकीत मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, तुम्ही तर कडीच्या मागंच लागलात." मी म्हणाले, "सर, ती लागेपर्यंत मी लागणारच." लोक हसले. पंधरा दिवसांत कडी बसली.

त्यानंतर बायका माझ्याकडं यायला लागल्या. मी घरी शिवणकाम करायची. ब्लाउजचं माप देता देता त्या सांगायच्या, "बाई, एवढं शाळेत कानावर घाला." कुणाच्या पोराला पुस्तक मिळालं नव्हतं, कुणाच्या पोरीला गणवेश आखूड आला होता. मी कानावर घालायची. बरंचसं व्हायचंही. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. रस्त्यानं जाताना कुणी हाक मारून थांबवलं की बरं वाटायचं.

गावापासून दोनेक किलोमीटरवर खडीचं क्रशर होतं. तिथं काम करणारी माणसं तेलंगणातून आलेली, पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. त्यांच्यातली एक बाई एके दिवशी साडीला फॉल लावून घ्यायला माझ्याकडं आली. दाराशीच उभी राहिली. हाताच्या खुणा आणि मोडकं मराठी यावर तिचं चाललं होतं. आमच्या माहेरी शेजारपाजार सगळा तेलुगू बोलणारा, त्यामुळं मला ती भाषा लहानपणापासून येते. मी तिला सहज म्हटलं, "कूसो." म्हणजे बस.

ती उंबऱ्यातच बसली आणि बोलायला लागली. फॉल लावून झाला तरी तिचं बोलणं संपेना. दीड वर्षं झालं होतं त्यांना इथं येऊन, आणि क्रशरच्या बाहेर तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कुणी भेटलं नव्हतं. ती मला अक्का म्हणायला लागली. वयानं माझ्याहून फार लहान नसावी. दगडाची भुकटी तिच्या भुवयांवर, भांगात कायम बसलेली असायची, त्यामुळं नीट कळायचं नाही.

तिची मुलगी आमच्याच शाळेत तिसरीत होती. शाळाबाह्य मुलांचा शोध घ्यायला गुरुजी क्रशरवर गेले तेव्हा त्यांनीच तिचं नाव घालून घेतलं होतं. शाळेत एका शिक्षकाची जागा रिकामी होती, म्हणून तिसरी आणि पाचवी एकाच खोलीत बसायची आणि दोन्ही वर्ग तेच गुरुजी सांभाळायचे. माझी लेक पाचवीत. त्या मुलीला मी बघितलं होतं. सडपातळ, तेलानं चोपून बसवलेले केस, कधी बोलताना ऐकलं नव्हतं. पोरं तिला मुकी म्हणायची. मलाही वाटायचं की तिला बोलता येत नसावं.

फॉलनंतर ती बाई चार-पाच वेळा आली. मग एकदा तिनं विषय काढला. म्हणाली, "अक्का, तू शाळेत मोठी आहेस ना? मला तिथं काही सांगायचंय. मला तुमच्या भाषेत बोलता येत नाही. मी बोलेन, तू त्यांना सांग."

"काय सांगायचंय?" मी विचारलं.

तिनं सांगितलं ते सगळं मी इथं लिहीत नाही, कारण पुढं बैठकीत ती तेच बोलली. तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, "ये. जानेवारीत बैठक आहे. मी आहे ना."

आता माझ्या लेकीचं सांगायला पाहिजे. पाचवीच्या मुलांची स्कॉलरशिपची परीक्षा फेब्रुवारीत असते. गुरुजींनी वर्गातली तीन मुलं निवडली होती, त्यात माझी लेक. शाळा सुटल्यावर तासभर ते त्यांना थांबवून घ्यायचे. गुरुजी नांदेडहून येऊन-जाऊन करायचे. या तासापायी त्यांची साडेपाचची गाडी रोज चुकायची आणि सहानंतरच्या जीपमध्ये ते दाटीवाटीनं बसून जायचे. कुणाकडून काही घेत नव्हते. एकदा मी डब्यात पुरणपोळ्या दिल्या तर म्हणाले, "ताई, एवढं कशाला? पोरगी हुशार हाय, तिचं भलं होऊ द्या." असा माणूस. ते वाईट होते, असं मला आजही लिहिता येत नाही. दोन वर्गांची पन्नासएक पोरं एका खोलीत, एकीकडं तिसरीचे पाढे आणि एकीकडं पाचवीचं गणित. त्यात न बोलणाऱ्या एका मुलीकडं बघायला त्यांना सवड नव्हती.

बैठकीच्या दिवशी ती आली. धुतलेली साडी, मुलीचा हात हातात. केंद्रप्रमुख साहेबही त्या दिवशी आलेले होते. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे अधिकारी. ते आले की गुरुजी लोक शर्टाची बटणं नीट लावून बसतात. आधी खिचडीच्या तांदळाचं झालं, मग पाण्याच्या टाकीचं. शेवटी मुख्याध्यापकांनी विचारलं, "आयत्या वेळचे विषय? कुणाचं काही?" मी म्हणाले, "या बाईंना बोलायचंय. त्यांना मराठी येत नाही. मी सांगते त्या काय म्हणतात ते."

ती उभी राहिली. आधी आवाज लहान होता, मग मोठा झाला. कुणाकडं बघावं ते कळेना म्हणून ती सगळा वेळ माझ्याकडं बघून बोलली. ती म्हणाली:

"माझी मुलगी मुकी नाही. ती घरी दिवसभर बोलते. तिला तुमची भाषाही येते. टिप्परच्या मागं लिहिलेलं असतं ना, आईचा आशीर्वाद, हॉर्न वाजवा, ते सगळं ती मला वाचून दाखवते. मला वाचता येत नाही, ती मला शिकवते. पण शाळेत तिला दाराजवळ पोत्यावर बसवतात, चपला असतात तिथं. शाळेत आली तेव्हापासून ती तिथंच बसते. तिला कुणी एकदाही वाच म्हटलं नाही. मोठे साहेब तपासायला येणार असले की आदल्या दिवशी तिला सांगतात, उद्या येऊ नको. ती घरी येऊन मला विचारते, मी का नाही जायचं? मी काय सांगू? मी दगड फोडते, पण मी तिला कामावर घेऊन जात नाही, शाळेत पाठवते. तिला पुढं बसवा. तिला विचारा. चुकली तर मारा, पण विचारा. आणि साहेब येतील त्या दिवशीही तिला शाळेत येऊ द्या."

मग ती थांबली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. केंद्रप्रमुख म्हणाले, "काय म्हणून राहिल्यात त्या?"

मी गुरुजींकडं बघितलं. ते हातातलं पेन उघडून बसले होते. चेहरा निवांत होता. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

मी म्हणाले, "त्या म्हणतात, पोरीला मराठी कमी समजतं. जरा लक्ष द्यावं. बाकी गुरुजींचे लई आभार मानून राहिल्यात."

आभाराचं मला कुणी सुचवलं नव्हतं. ते माझ्या तोंडून आपोआप गेलं.

का, याची कारणं मी नंतर पुष्कळ गोळा केली. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. साहेबांच्या समोर गुरुजींचं नाव घेतलं असतं तर त्यांना नोटीस निघाली असती. आमच्या वाड्यातल्या बाईला अध्यक्ष केलं तर तिनं लगेच तक्रारी सुरू केल्या, असं गावात म्हणाले असते. यातलं काही खोटं नाही. पण त्या क्षणी मी यातलं काहीच मोजलं नव्हतं. समोर ओळखीचा, आपल्यावर उपकार केलेला चेहरा होता, आणि त्याला दुखवायचं माझ्या जिवावर आलं. ती बाई माझी कुणी नव्हती. हे खरं कारण.

केंद्रप्रमुख म्हणाले, "वा, चांगलंय. परप्रांतातले पालकसुद्धा समाधानी आहेत." मुख्याध्यापकांनी वहीत लिहून घेतलं.

त्या बाईनं मला हळूच विचारलं, "अंता चेप्पिनवा?" सगळं सांगितलंस?

"चेप्पिना," मी म्हणाले. सांगितलं.

तिचा चेहरा उजळला. तिनं गुरुजींकडं वळून दोन्ही हात जोडले. गुरुजीही अर्धवट उठून नमस्कार करून हसले.

ती मुलगी मात्र हसली नाही. आईचा हात धरून ती माझ्याकडं बघत होती. तिला दोन्ही भाषा येत होत्या. त्या खोलीत आई काय बोलली आणि मी काय सांगितलं, हे दोन्ही कळलेली माझ्याशिवाय ती एकटीच होती. मी नजर खाली करून वहीवर सही केली.

आठ दिवसांनी तिची आई हरभऱ्याचा डहाळा घेऊन माझ्याकडं आली. वाटेवरच्या शेतातून मागून आणला होता. माझ्या सासूबाईंच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, अक्कानं माझं काम केलं. सासूबाईंना भाषा कळली नाही, पण त्यांनी तिला चहा दिला. मी मशीनवरून उठलेच नाही.

त्याच आठवड्यात गुरुजी मला शाळेच्या फाटकात भेटले. म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणालात ते माझ्या ध्यानात होतं. मी त्या पोरीला पहिलीच्या बाईंकडं बसवायला सुरुवात केली. अक्षरओळखीपासून सगळं होऊन जाईल. मराठीचा पाया पक्का झाला की घेऊ परत तिसरीत."

त्यांनी ते चांगल्या मनानं केलं होतं. माझ्या सांगण्यावरून केलं होतं. तिथं, फाटकात, दुसरं कुणी नव्हतं. साहेब नव्हते, मुख्याध्यापक नव्हते. मी म्हणू शकले असते की सर, माझं चुकलं, त्या बाईंचं म्हणणं वेगळं होतं. मी म्हणाले, "बरं केलं सर."

दोन दिवसांनी मायलेकी दोघी माझ्या दारात. या वेळी आई उंबऱ्यात बसली नाही, उभीच राहिली. रागावलेली नव्हती, गोंधळलेली होती. म्हणाली, "अक्का, हिला पहिलीत बसवलंय. सहा वर्षांच्या लेकरांत. मी तर पुढं बसवा म्हणाले होते, खाली नाही." मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "ही म्हणते, तू तसं सांगितलंच नाहीस. ही म्हणते, तू दुसरंच बोललीस."

मुलगी खाली बघत होती. पायाच्या अंगठ्यानं शेणानं सारवलेल्या अंगणावर रेघ ओढत होती.

मी तेलुगूत म्हणाले, "लेकरू आहे ते. तिला मराठी एवढं कुठं कळतंय?"

आई माझ्याकडं बघत राहिली, मग मुलीकडं. आत कुकरची एक शिट्टी झाली. मग ती हसल्यासारखं करून म्हणाली, "हो. लेकरूच आहे." आणि मुलीला म्हणाली, "मोठ्या माणसांबद्दल असं बोलायचं नसतं." मुलीनं मान वर केली नाही.

मी पुढच्या बैठकीत बघते, असं म्हणाले. पुढची बैठक झालीच नाही. सगळे परीक्षेच्या गडबडीत होते, म्हणून मुख्याध्यापकांनी इतिवृत्ताची वही सहीसाठी घरोघरी फिरवली. माझ्याकडं ती माझी लेकच दप्तरातून घेऊन आली. मी मागचं पान उघडलं. जानेवारीच्या बैठकीखाली निळ्या शाईत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'पालकांनी शाळेच्या कामकाजाबद्दल समाधान व्यक्त केले.' मी पान उलटलं आणि नव्या पानावर सही केली.

ती मुलगी त्यानंतर फार दिवस शाळेत आली नाही. लेकीनं मला एकदा सांगितलं की तिची पोत्यावरची जागा आणि पहिलीतली जागा दोन्ही रिकाम्या असतात. मी म्हणाले, आजारी असेल. तिची आई एकदा वाटेत दिसली, डोक्यावर पाण्याचा हंडा होता. थांबली, हसली. मुलगी कुठंय विचारलं तर म्हणाली, "येते माझ्याबरोबर. एकटीला शेडमध्ये ठेवून काय करू? शाळेत जात नाही म्हणते." तिनं मला दोष दिला नाही. तिला माझ्यात दोष दिसलाच नव्हता. तो बघणाऱ्या मुलीला मी खोटं ठरवलं होतं.

होळी झाल्यावर क्रशरचं काम बंद पडलं आणि माणसं गेली. कुणी म्हणालं उदगीरकडं गेली, कुणी म्हणालं लातूरच्या बाजूला नवा रस्ता होतोय तिकडं. ती निरोप घ्यायला आली नाही. तिचा एक ब्लाउज माझ्याकडं शिवून पडला होता. वर्षभर वाट बघून मी तो एका ओळखीच्या बाईला देऊन टाकला.

माझी लेक स्कॉलरशिपमध्ये आली. शाळेनं तिचा फोटो फळ्याशेजारी लावला. त्याच वर्षी समितीची मुदत संपली. नव्या समितीत मला पुन्हा उभं राहायला सांगितलं तेव्हा मी शिवणकामाचं कारण दिलं. पुढं साथीच्या काळात शाळाच बंद पडल्या आणि लोक बाकीच्या गोष्टी विसरले. मीही बऱ्याच अंशी विसरले होते, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. मला ते अधूनमधून आठवायचं. आठवलं की मी दुसऱ्या कामाला लागायची.

दोन वर्षांपूर्वी दहावी झाल्यावर लेकीला लातूरला क्लास लावले. तिच्याबरोबर मी इथं एक खोली घेऊन राहते. नवरा नायगावलाच, त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, शनिवारी येतो. आमच्या गल्लीत सगळ्या अशाच आया. नांदेडच्या, परभणीच्या, हिंगोलीच्या. सकाळी डबे भरून पोरांना क्लासला पाठवायचं आणि दिवसभर त्यांच्या परीक्षांबद्दल बोलायचं. जवळच महापालिकेची शाळा आहे. दुपारी सुट्टी झाली की तिच्या फाटकात दालमिलवर काम करणाऱ्या बायका पोरांना न्यायला येतात. एके दिवशी मी आणि लेक ऑटोची वाट बघत तिथं उभ्या होतो. एक बाई शिक्षिकेशी काहीतरी बोलायला बघत होती आणि शिक्षिका घाईत होती. मला एकदम ते सगळं आठवलं, आणि मी लेकीला, का कोण जाणे, विचारलं, "तुला ती क्रशरवरची मुलगी आठवते का? दाराजवळ बसायची ती."

"हाव. आठवते की."

"ती बोलायची का गं कधी?"

लेक माझ्याकडं असं बघायला लागली, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. "लई बोलायची. मधल्या सुट्टीत चिंचेखाली आम्हाला गोष्टी सांगायची. भुताच्या. मराठीतच सांगायची, मधूनच तिकडचा एखादा शब्द. गुरुजी आले की गप. गुरुजींनी विचारलं नाही तर ती कशाला बोलेल?"

"मग तू मला तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू कुठं विचारलंस?"

ऑटो आला. बसल्यावर मी तिला बैठकीचं सगळं सांगितलं. माझं भाषांतर, आभार, अंगणातलं बोलणं, सगळं. क्लास आला. उतरताना पाठीवर पिशवी टाकत म्हणाली, "आई, माझ्यासाठी केलंस असं मला नको सांगूस." मी तसं म्हणाले नव्हते. पण मी तसं म्हणायच्या बेतात होते, हे तिला कळलं.

पुढच्या शनिवारी नवरा आला तेव्हा मी त्याला गाडीवर घेऊन शहराबाहेरच्या दोन क्रशरवर गेले. एका ठिकाणचे मुनीम चांगले होते. त्यांनी विचारलं, "बाई, नाव काय माणसाचं?" मुलीचं नाव मला माहीत होतं. तिच्या आईचं मी कधी विचारलंच नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं. ती मला अक्का म्हणायची आणि मी तिला काहीच म्हणत नव्हते. मुनीम म्हणाले, "तिकडचे लोक टोळीनं येतात, टोळीनं जातात. मुलगी आता पंधरा-सोळाची असेल म्हणता, मग लग्न झालं असेल एव्हाना." नवऱ्यानं गाडी वळवली.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला नणंदेच्या घरी बारसं होतं, अर्धापूरला. लातूरहून नांदेडला आले आणि अर्धापूरच्या गाडीत बसले, तर पुढच्याच बाकावर गुरुजी. केस पांढरे झालेले. त्यांची बदली अर्धापूरजवळच्या शाळेत झाली होती, अजूनही नांदेडहून येऊन-जाऊन करत होते. मला ओळखून त्यांना फार आनंद झाला. लेकीचं विचारलं, क्लासचं विचारलं. "मी म्हणालो नव्हतो, पोरगी नाव काढील?" मी म्हणाले, "सर, तुमच्यामुळंच." ते खरंच होतं.

मग मी म्हणाले, "सर, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय." आणि गाडी शहराच्या बाहेर पडत असताना, कंडक्टर तिकिटं फाडत असताना, मी त्यांना त्या बाईचं म्हणणं सांगितलं. शब्द न शब्द सांगितला. पोतं, चपला, टिप्परवरची अक्षरं, साहेब येणार म्हणून घरी ठेवणं. माझं मला आश्चर्य वाटलं की सात वर्षांनी त्यातलं एकही वाक्य हललं नव्हतं.

ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. बाहेर केळीच्या बागा सुरू झाल्या होत्या. मग म्हणाले, "आदल्या दिवशी घरी थांब म्हणायचो, हे खरंय. सगळेच करायचे तेव्हा. वाचता न येणारं पोरगं तपासणीत सापडलं की वर्गाची टक्केवारी खाली जायची." माझ्याकडं वळून म्हणाले, "तेव्हा साहेबांपुढं सांगितलं असतं तर मला लई राग आला असता, ताई. तुमच्याशी महिनाभर बोललो नसतो."

"म्हणूनच नाही सांगितलं," मी म्हणाले.

"पण मी तिला पुढं बसवलं असतं," ते म्हणाले. "रागारागानं का होईना, दुसऱ्या दिवशी बसवलं असतं. आणि तिनं वाचून दाखवलं असतं तर माझा राग गेला असता. मला कुणी सांगितलंच नाही की तिला वाचता येतं."

इतकी वर्षं मी स्वतःला एक समजूत घातली होती. सांगून तरी काय झालं असतं, त्या गर्दीच्या खोलीत एका पोरीसाठी काय बदललं असतं. तर बदललं असतं. एका दिवसात बदललं असतं.

अर्धापूरच्या अलीकडं त्यांचा थांबा आला. उठताना त्यांनी मुलीचं पूर्ण नाव विचारलं आणि फोनमध्ये लिहून घेतलं. म्हणाले, आता सगळ्या मुलांची नोंद संगणकावर असते, बघतो कुठं सापडते का.

दहा-बारा दिवसांनी त्यांचा फोन आला. ते शाळेतून बोलत होते, मागं पोरांचा कलकलाट होता. म्हणाले, "ताई, तिची शेवटची नोंद आपल्याच शाळेची हाय. तिसरीची. त्याच्यापुढं कुठल्याच शाळेत नाव नाही, इकडं तरी नाही. तिकडं तेलंगणात घातलं असलं तर मला दिसत नाही."

"घातलं असेल," मी म्हणाले.

"असेल," ते म्हणाले.

"आता काय करता येईल सर?"

"मलाही माहीत नाही, ताई."

मग त्यांच्या शाळेची घंटा झाली आणि त्यांना वर्गावर जावं लागलं.